डबा रिकामा परत आला

इल्फर्ड,
मे २००७

प्रिय श्री,

हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस. दिया ठणठणीत आहे, मी आहे तशी आहे, आणि बॉयलरही यंदा रुसलेला नाही. ईमेल केला असता तर तू तो ऑफिसात एका हातात कॉफीचा मग धरून वाचला असतास आणि 'संध्याकाळी बोलू' एवढं लिहून मोकळा झाला असतास. आपण बोलायला लागलो की काय होतं ते मला पुरतं माहीत आहे, म्हणून आज कागद घेऊन बसले. रविवारची दुपार आहे. दियाला मॉरीन वॅलेंटाइन्स पार्कात घेऊन गेली आहे. मॉरीन म्हणजे आमच्या दातांच्या दवाखान्याच्या रिसेप्शनवरची, जिला तू अजून 'भोंगा' म्हणतोस, तीच. दोघी चहाच्या वेळेपर्यंत काही परतत नाहीत. वॉशिंग मशीनची घरघर सोडली तर घरात शांतता आहे, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगते आहे. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

गुरुवारी तू विचारलंस की जुलैअखेरची तिकिटं काढू का, आणि दिया ऑगस्टपासून येतेय असं तिथल्या शाळेलाही कळवायला हवं. मी 'बघते' म्हणाले. त्याच्या आधीच्या आठवड्यात 'सांगते' म्हणाले होते. तू बिचारा 'दमली असशील, झोप आता' म्हणालास. दमले होतेच रे, पण झोपून जाईल असा तो थकवा नव्हता. नव्या गावात जाऊन दूध कुठे मिळतं, बसचं तिकीट कुठे काढायचं, डॉक्टरकडे नाव कसं नोंदवायचं हे माणसाने एका जन्मात किती वेळा शोधायचं? तुझ्या यतेबोरीबद्दल माझी काही तक्रार नाही. बघ, मीसुद्धा तिथल्या लोकांसारखं यतेबोरी म्हणायला शिकले. हल्ली कुणी 'गोथेनबर्ग' म्हटलं की तू त्याच्याकडे असा बघतोस, जसे आपण 'पूना' म्हणणाऱ्यांकडे बघायचो.

तू तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात एक फोटो पाठवला होतास. सोसायटीचा साफसफाईचा दिवस होता, आणि सगळे शेजारी मिळून अंगणातली पानं गोळा करत होते. त्यात लाल टोपी घालून, हातात दाताळं धरून तू! मी तो फोटो किती वेळ बघत बसले होते. इल्फर्डमध्ये चहा पिऊन झाल्यावर कप सिंकपर्यंत नेणं ज्याच्या जिवावर यायचं, तो माणूस परक्या लोकांच्या अंगणातली पानं झाडत होता आणि वर हसत होता. सासूबाईंना तो फोटो मी मुद्दामच दाखवला नाही. मुलाला तिकडे झाडलोटीच्या कामाला लावलंय, असं वाटून त्यांनी जेवण सोडलं असतं. मग तुझ्या बातम्या एकेक येत गेल्या. ऑफिस साडेचारला सुटतं. कुणी उशिरापर्यंत थांबला तर साहेब कौतुक करत नाही, उलट घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारतो. तू वरण-भात शिकलास, मग पोळ्या, मग ते वेलचीचे गोड पाव. तू पाव भाजतोस हे मी मॉरीनला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आर यू शुअर इट्स द सेम हजबंड, डार्लिंग?" मी हसले, पण घरी आल्यावर मला तुझा राग आला. खरं सांगते, फार राग आला. हा नवरा मला इथे हवा होता. दिया लहान होती, मी दिवसभर नोकरी करत होते, रात्री अभ्यास करत होते आणि तू नऊ वाजता डॉकलंड्सच्या ऑफिसातून येऊन 'जेवायला काय आहे' म्हणायचास, तेव्हा हवा होता.

चूक तुझी होती असं नाही. तुझं ऑफिसच तसं होतं, सगळेच तसे राहत होते. आणि इथे यायचं आपण दोघांनीच ठरवलं होतं. कर्वेनगरातलं माझं छोटंसं क्लिनिक मी मैत्रिणीच्या हवाली केलं, तेव्हा तू म्हणाला होतास की जगभर दात सारखेच असतात. दात सारखेच असतात हे खरंच आहे. पण दाताला हात लावायची परवानगी मात्र प्रत्येक देश नव्याने द्यायला बसतो, हे आपल्याला इथे आल्यावर कळलं. दहा वर्षं पेशंट पाहिलेली मी इथे दुसऱ्या डॉक्टरशेजारी स्टुलावर बसून पेशंटच्या तोंडातली थुंकी ओढायची नळी धरायला लागले. कामाची लाज मला कधीच वाटली नाही. पण मिस्टर लेव्ही दाढ कोरत असले की माझी बोटं ॲप्रनच्या खिशात नुसती शिवशिवायची. म्हातारा तसा चलाख आहे, त्याच्या ते लक्षात आलं होतं. पेशंट गेला की एक्स-रे माझ्यापुढे धरून तो विचारायचा, "वेल, सुचेता, व्हॉट वुड यू हॅव डन?" त्या एका प्रश्नावर मी चार वर्षं तग धरला.

आणि ते डोकं आठवतंय ना तुला? इथल्या परवान्याच्या परीक्षेसाठी आणलेलं, प्लास्टिकचे दात बसवलेलं रबरी तोंड, आपल्या डायनिंग टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळलेलं. दियाने त्याचं नाव मुरलीधरकाका ठेवलं होतं, कारण आपल्या लग्नाच्या व्हिडिओत तुझे मुरलीधरकाका अगदी तस्सेच आ वासून झोपलेले दिसतात. किती रात्री तू ताट घेऊन सोफ्यावर जेवलास, कारण टेबलावर मुरलीधरकाकांच्या दाढा भरायचं काम चाललेलं असायचं. तू कुरकुर केलीस, पण मला कधी अडवलं नाहीस, हे मी विसरलेले नाही. पहिला भाग सुटला, दुसऱ्यात एकदा आपटले, पुन्हा बसले. शेवटचा भाग नोव्हेंबरात होता आणि तू ऑक्टोबरातच निघालास. तुझ्या नोकरीचं तसंच होतं, इथली टीम बंद झाली होती, तिकडची जागा तुझ्यासाठी कुणी अडवून ठेवणार नव्हतं. सगळं मान्य. परीक्षेच्या दिवशी दियाला ताप होता. मॉरीन सुट्टी टाकून आपल्याकडे येऊन बसली आणि मी जाऊन दात कोरून आले. निकाल कळला तेव्हा तुझा फोन लागला नाही, म्हणून मी पहिल्यांदा मॉरीनलाच सांगितलं. ती रिसेप्शनवर इतक्या मोठ्याने ओरडली, की आत खुर्चीवर भूल देऊन ठेवलेला पेशंट उठून बसला.

आता फेब्रुवारीतल्या सुट्टीबद्दल. ते दिवस किती छान गेले, असं तू अजून म्हणतोस. दियाचे गेलेच. ती अजून शाळेत सगळ्यांना सांगते की बाबांच्या गावाला रस्त्यावरसुद्धा बर्फच बर्फ असतो आणि सगळी मुलं अंतराळवीरासारखे कपडे घालून शाळेत जातात. परवा मला म्हणाली, "आई, बाबाचा घर मस्त आहे, तिथे बाबा घरी असतो." मराठी चुकलं तिचं, पण तिला काय म्हणायचंय ते मला बरोबर कळलं. मलाही तिथलं पुष्कळ आवडलं. लोक घरात शिरताना बूट काढतात, हे बघून तर मला माहेरी आल्यासारखं झालं. खिडक्यांमधून लावून ठेवलेले दिवे आवडले. आणि विमानतळावर तू आम्हाला न्यायला आलास तेव्हा तुझा चेहरा इतका शांत होता, की लग्नाआधीचा तू आठवलास. त्या चेहऱ्यासाठी मी काहीही करीन असं त्या क्षणी वाटलं होतं.

मग आपण तुझ्या घराशी आलो. दाराला मधोमध पत्रं टाकायची फट होती आणि तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन नावं होती, रिसबूड आणि खाली घैसास. तुझं आणि माझं माहेरचं. तिकडे घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं लावतात म्हणालास, आणि बायकोचं तिचं स्वतःचं नाव लावलं, आवडलं का म्हणून विचारलंस. पुण्याच्या घरावर अजून नुसतं तुझ्या वडिलांचं नाव आहे. इल्फर्डला तर नावच नाही, नुसता आकडा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुला वाटलं ते आनंदाचं आहे. निम्मं होतंही. एवढा विचार माझ्यासाठी कुणी केला नव्हता. पण मी तिथे राहणार की नाही हे मला अजून कुणी विचारलंच नव्हतं, आणि पाटी लागून मोकळी झाली होती. सामानाच्या आधी नावच पोचलं होतं माझं. पाटी लावताना घरात स्क्रूड्रायव्हरच कसा नव्हता ते तू हौसेने सांगत होतास, आणि मी डोळे पुसून आत आले.

कपडे धुण्याची गोष्ट तू अजून सगळ्यांना हसून सांगतोस. माझ्याकडून ऐक आता. तळघरात सगळ्या बिल्डिंगची मिळून धुलाईची खोली आहे, आणि तिथे आपापली वेळ आधी ठरवून ठेवावी लागते, हे तू सांगितलं होतंस. पण मला वाटलं मशीन रिकामं दिसतंय, दुपारची वेळ आहे, कोण येतंय? आपल्याकडे रिकामी दिसलेली गोष्ट वापरायला कुणी पंचांग बघतं का? मी दियाचे भिजलेले कपडे टाकले, आणि अर्ध्या तासाने वरच्या मजल्यावरच्या त्या उंच आजी टोपली घेऊन हजर. त्या रागावल्या नाहीत. हळू आवाजात इंग्रजीत म्हणाल्या की ही वेळ त्यांची आहे, पण हरकत नाही, त्या थांबतील. आणि भिंतीशी उभ्या राहिल्या, मशीन थांबेपर्यंत. त्यापेक्षा कुणी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी रव्याचे लाडू केले, स्टीलच्या डब्यात भरले आणि वर जाऊन त्यांना देऊन आले. त्यांनी दार जरासंच उघडलं, डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कारण विचारलं. मी सांगितलं की कालचं सॉरी. त्या म्हणाल्या की ते कालच संपलं होतं. पण घेतला त्यांनी डबा. आणि मी निघायच्या आदल्या दिवशी तो आपल्या दाराबाहेर ठेवलेला होता. घासूनपुसून लखलखीत, शेजारी 'थँक यू'ची चिठ्ठी, आणि आत काही नाही. मी झाकण उघडून बघितलं, बंद केलं, पुन्हा उघडून बघितलं. आणि मी त्या डब्यासमोर बसून रडले, ते बघून तू पोट धरधरून हसलास. म्हणालास, "अगं वेडाबाई, त्यांना काय माहीत डबा रिकामा परत करत नाहीत ते! दोन चमचे साखर घालायची असते हे त्यांना कोण सांगणार?"

कोण सांगणार, हेच तर माझं म्हणणं आहे श्री. मॉरीनला मी सांगितलं होतं. पहिल्या वर्षी तीही माझे डबे असेच चकाचक करून रिकामे आणायची, आणि मी घरी येऊन धुसफुसायची. मग एकदा धीर करून तिला सांगितलं की आमच्यात असं करत नाहीत, डब्यात काहीतरी घालून देतात, नुसती चिमूटभर साखर असली तरी चालते. ती म्हणाली, "वेल, वाय डिडन्ट यू से?" तेव्हापासून आजतागायत माझा डबा तिच्याकडून रिकामा आलेला नाही. कधी बिस्किटं, कधी तिच्या झाडाची सफरचंदं, एकदा तर काहीच नव्हतं म्हणून तिने खोकल्याच्या गोळ्या घालून दिल्या. पण एवढं सांगण्याइतकी ओळख व्हायला, सांगायचा धीर यायला, ते इंग्रजीत मांडता यायला मला किती वेळ लागला! त्या वरच्या आजी वाईट नाहीत. मी तिथे राहिले, त्यांची भाषा शिकले, तर चार-पाच वर्षांनी त्यांच्याही डब्यात काहीतरी येईल. मला फक्त ते सगळं पुन्हा करायची ताकद उरलेली नाही. एकदा केलं, मनापासून केलं. त्यातच सगळं खर्ची पडलं.

त्याच आठवड्यात तू मला तिथल्या दातांच्या दवाखान्यात घेऊन गेलास. आधी भेट ठरवून ठेवली होतीस, मला न सांगता, सरप्राइज म्हणून. डॉक्टरीणबाई किती चांगल्या होत्या. कॉफी दिली, त्यांची खुर्ची दाखवली, मला हात लावून बघू दिला. मग सगळं नीट सांगितलं. आधी भाषा, तीसुद्धा अशी की घाबरलेल्या पेशंटशी आणि चिडलेल्या पेशंटशी बोलता आलं पाहिजे. त्यानंतर लेखी परीक्षा. त्यानंतर प्रात्यक्षिक. त्यानंतर देखरेखीखाली काम. सगळं व्यवस्थित झालं तर शक्य आहे, अशक्य नाही, असं त्या म्हणाल्या. बाहेर पडल्यावर तू माझा खांदा दाबलास आणि म्हणालास, "बघ, शक्य आहे म्हणाल्या!" तू एवढंच ऐकलं होतंस. मी पंचेचाळिशीची होऊन पुन्हा कुणाच्या तरी शेजारी स्टुलावर नळी धरून बसलेली मला दिसत होते. ट्राममध्ये तू दियाला खिडकीतून नदी दाखवत होतास आणि मी मनातल्या मनात वर्षं मोजत होते. त्या रात्री तू मासे केलेस, फार सुंदर केलेस, आणि मला दोन घास गेले नाहीत. तुला वाटलं मीठ कमी पडलं.

सासूबाईंचा परवा फोन होता. त्यांचं पालुपद तेच, नवरा जिथे तिथे संसार, आणि श्रीकांतच्या जेवणाचे किती हाल होत असतील. मी म्हटलं, आई, तो माझ्यापेक्षा चांगलं जेवतो. त्यांना ते पटलं नाही. मग म्हणाल्या की तुला तिकडे काय कमी आहे, हा तर घरकामही करतो म्हणे. त्यांचंही बरोबर आहे. ज्या बाईला उभ्या आयुष्यात कुणी पाण्याचा पेला हातात दिला नाही, तिला मी नुसती माजलेली वाटत असेन. स्वतःशी वाद घालताना मीसुद्धा कधीकधी त्यांच्याच बाजूने बोलते. नवरा साडेपाचला घरी येतो, स्वयंपाक करतो, मुलीला बर्फात खेळायला नेतो, दारावर माझं नाव लावतो. अजून काय हवं बाईला? आणि मग मला आठवतं की मला दात भरायचेत. एवढंच. ऐकायला किती फुसकं वाटतं ना?

मिस्टर लेव्हींनी मला बोलावलं त्या दिवशी मी नेहमीसारखी ट्रे आवरत होते. हातमोजे काढून ते त्यांच्या खुर्चीवरून उठले आणि मला म्हणाले, बस. मी माझ्या स्टुलावर बसायला गेले तर म्हणाले, तिथे नाही, इथे. आणि मग सांगितलं की ऑगस्टपासून वर्षभर त्यांच्या हाताखाली डॉक्टर म्हणून काम करायचं, आणि वर्ष झालं की माझे स्वतंत्र पेशंट, त्याच खोलीत, कारण त्यांना आता आठवड्यातले दोनच दिवस यायचंय. मी त्या खुर्चीत बसून होते आणि दाराच्या फटीतून मॉरीन बघत होती. दुपारी मी तुला फोन केला. तू खरंच खूश झालास, आवाजावरून कळत होतं. म्हणालास, "वा सुचे! म्हणजे त्यांनाही तुझी किंमत कळली तर." आणि मग, "त्यांना छानसं थँक्यू म्हण आणि आपलं ठरलंय ते सांग. त्यांच्याकडून एक पत्र घे, इथे उपयोगी पडेल." मी 'हं' म्हणाले. त्यानंतर तू शाळेच्या बसबद्दल बोलत राहिलास.

आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते. लेव्हींनी विचारलं तेव्हा मी तिथल्या तिथे हो म्हणाले होते. तो फोन मी तुला विचारायला केला नव्हता श्री, सांगायला केला होता. पण तुला तो विचारल्यासारखाच वाटला, आणि तू इतक्या मायेने सल्ला दिलास की माझी जीभच उचलेना. तुझ्याशी फोनवर बोलताना माझं नेहमी असंच होतं. तू पाच मिनिटांत मला वळवतोस. त्यात तुझी काही लबाडी नसते, मीच दमलेली असते, आणि दमलेल्या माणसाला हो म्हणणं सोपं जातं. पत्रात तुला मधे बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. तिकिटं काढू नकोस. दियाच्या शाळेला नाही कळव. ती सबंध सुट्टीभर तुझ्याकडे येईल, तिला तू हवा आहेस आणि तुलाही ती. मलाही तू हवा आहेस, साडेपाचला घरी येणारा, हा आत्ताचा तू. तिथे तुला किती बरं वाटतंय ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे सगळं सोडून इकडे ये म्हणायला मला जड जातंय, पण म्हणते, ये. आज नाही जमलं तर वर्षाने ये. आलास तर अर्धं काम वाटून घेणारा म्हणून ये, आणि नाहीच जमलं तर तेही मला स्पष्ट सांग, मी ऐकेन. फक्त हे वाचून लगेच फोन करू नकोस. एक रविवार जाऊ दे. मग कर, आणि मला काही समजवायच्या आधी एवढंच विचार की ऑगस्टातल्या पहिल्या पेशंटची भीती वाटतेय का. वाटतेय रे, खूप वाटतेय.

इथूनच, पण तुझीच,
सुचेता